दातांची वहिवाट



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला गावाने आजवर चालविली आहे, ते आम्हांला भूगोल शिकवीत. आणि कोकणचा किनारा सरळ नसून खाड्यांनी व भूशिरांनी ठिकठिकाणी आतबाहेर झालेला आहे हे सांगताना 'दंतुर' हा शब्द उच्चारला, की एखाद्या मुलाने त्याचा अर्थ विचारण्याची वाट न पाहता, खडूने पांढरे झालेले बोट स्वतःच्या वरच्या पटाशीच्या दातांवर ठेवून, 'दंतुर म्हणजे हे असे' असे ते हसत हसत सांगत. त्यांचे वरचे चार दात इतके पुढे आलेले होते की ओठ मिटले तरी ते पुरते झाकले जात नसत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाने पुढे चाळीस वर्षे लोकांचे पुढे आलेले दात मागे नेण्याचा व्यवसाय करावा, या योगायोगावर ते स्वतः पुष्कळदा हसले आहेत.

संस्कृतात 'दंतुर' हे विशेषण मुळात पुढे आलेल्या किंवा उंचसखल दातांच्या मनुष्याचे. किनाऱ्याने ते मागाहून उसने घेतले. टकला मनुष्य क्वचितच निर्धन आणि दंतुर मनुष्य क्वचितच मूर्ख असतो, अशा अर्थाचे एक लौकिक वचन जुन्या मंडळींच्या तोंडी असे, आणि गुरुजी ते स्वतःच्या समर्थनार्थ वापरीत. टक्कलही त्यांना होते, परंतु वचनाचा तेवढा भाग त्यांच्या बाबतीत खरा ठरला नाही. आमच्या प्राचीन वैद्यकाची दृष्टी मात्र सुभाषितकारांइतकी उदार नव्हती. माधवनिदानात 'कराल' या नावाचा एक दंतरोग सांगितला आहे. दातांच्या आश्रयाने राहिलेला वायू त्यांना हळूहळू वेडेवाकडे आणि विद्रूप करतो, असे त्याचे वर्णन असून तो साध्य नाही असा निर्वाळाही तेथेच दिला आहे. वायूचे निदान ग्राह्य मानावे की नाही हा वाद बाजूस ठेवला, तरी त्या वर्णनातील 'हळूहळू' ही एवढीच गोष्ट मला पहिल्यापासून भुरळ घालीत आलेली आहे. कारण ज्या संथपणाने दात आपली जागा सोडतात त्याच संथपणाने ते परत आणता येतात, आणि ज्याला हा संथपणा सोसत नाही, मग तो रोगी असो, रोग्याचा बाप असो की स्वतः वैद्य असो, त्याच्या हाती वाकड्या दातांऐवजी बिघडलेले दात लागतात.

आमच्या शास्त्राला ऑर्थोडॉन्टिक्स असे म्हणतात, आणि ग्रीक भाषेतील 'सरळ' व 'दात' या अर्थाच्या दोन शब्दांपासून ते नाव बनलेले आहे. लोक मात्र 'तारा लावणे' किंवा 'क्लिपा बसविणे' असेच म्हणतात, आणि डोळ्यांना जे दिसते तेवढ्यापुरते ते बरोबरही आहे. या नावामुळे एक गैरसमज तेवढा दृढ झाला आहे. बैल जसा गाडीला ओढतो तशी तार दाताला ओढते, आणि म्हणून तार जितकी ताणावी तितका दात लवकर सरकावा, असे शंभरांतल्या नव्वद लोकांना वाटते. वस्तुस्थिती अशी की दात खुंटासारखा हाडात रोवलेला नसतो. त्याचे मूळ आणि त्याच्या भोवतीचे जबड्याचे हाड यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीची एक तंतुमय गादी असते. तीत रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात, द्रव असतो, आणि दात या गादीत टांगल्यासारखा बसलेला असतो. भाकरीचा पापुद्रा किंवा सुपारीचे खांड चावताना दाढेवर कित्येक किलोंचा भार येतो, तरी दात हलत नाही. कारण तो भार क्षणभराचा असतो, आणि तेवढ्या अवधीत गादीतील द्रवाला बाजूस सरण्यास सवड मिळत नाही. उलट तारेचा अगदी हलका दाब, तो जर तासचे तास कायम राहिला, तर दाबल्या गेलेल्या बाजूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि दोनएक दिवसांत त्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी जमू लागतात. विरुद्ध बाजूला, जेथे तंतू ताणले गेले, तेथे हाड घडविणाऱ्या पेशी कामास लागतात. पुढची भिंत पोखरली जाते, मागची भिंत भरली जाते, आणि दात आपल्या खोलीसकट सरकतो. म्हणजे दात तारेने सरकत नाही. तार केवळ अर्ज करते, आणि हाड तो मंजूर करते.

या मंजुरीला किती दाब पुरतो याचा हिशेब ऐकून माझे नवे विद्यार्थी नेहमी चकित होतात. दात एका बाजूला कलता करावयास ३५ ते ६० ग्रॅम. तो मुळासकट उभाच्या उभा सरकवायचा तर ७० ते १२० ग्रॅम. आणि जास्त बाहेर आलेला पटाशीचा दात हाडात थोडा खाली बसवावयाचा असेल तर अवघे १० ते २० ग्रॅम, म्हणजे आपल्या खिशातील दोन नाण्यांच्या वजनाइतके. शिवाय दिवसाकाठी पाचसहा तास तरी हा दाब सलग राहिला पाहिजे, नाहीतर हाड त्याची दखलच घेत नाही. अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दात पुढे येतात ते अंगठ्याच्या जोरामुळे नव्हे, तर तो तोंडात किती वेळ राहतो यामुळे. आणि जिभेचा व ओठांचा दाब इतका सौम्य असूनही शेवटी दातांची जागा तोच ठरवितो, याचेही कारण हेच. चांगल्या हाती गेलेला दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो. तहसील कचेरीतील कागद याहून जलद सरकतो असे नाही, परंतु तेथे निदान वजन ठेवल्याने गती वाढते असा लोकानुभव आहे. हाडाच्या कचेरीत तो नियम उलटा आहे.

तो उलटा कसा, हे मी माझ्या व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी शिकलो, आणि शिकण्याची किंमत एका मुलीला मोजावी लागली. तिचे लग्न ठरत आले होते, वडिलांचा तगादा होता, आणि 'डॉक्टर, दिवाळीच्या आत जमवा' या त्यांच्या विनवणीला मी बळी पडलो. सुळा मागे घेण्यासाठी जी स्प्रिंग लावावयाची ती मी दुप्पट ताणून बसविली. पहिल्या महिन्यात सुळा तसूभरही हलला नाही. दाबाखाली आलेल्या गादीतील रक्तप्रवाहच मी बंद पाडला होता. तेथील पेशी मेल्या, आणि हाड खाणाऱ्या पेशींना समोरून वाट न मिळाल्यामुळे त्या मागच्या बाजूने भुयार खणीत येऊ लागल्या. दुसऱ्या महिन्यात सुळा एकदम सरकला, त्याबरोबर मागच्या दाढा, ज्यांना मी टेकू म्हणून धरले होते, त्याही पुढे आल्या, आणि क्ष-किरणचित्रात सुळ्याच्या मुळाचे टोक आखूड झालेले दिसले. लग्न झाले, मुलगी सुखी आहे, सुळाही अजून जागेवर आहे. परंतु ते चित्र मी जपून ठेवले आहे, आणि कोणी घाई करू लागला की ते काढून त्याच्यासमोर ठेवतो.

हाडाचे हे अंतरंग कळण्यापूर्वीही काही लोकांनी संथपणाचे सूत्र हस्तगत केले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने असे लिहून ठेवले आहे की, मुलाचा दुधाचा दात पडण्यापूर्वीच कायमचा दात उगवला तर दुधाचा दात काढून टाकावा, आणि नव्या दाताला रोज बोटाने रेटीत योग्य जागी आणावे. या उपदेशातील 'रोज' हा शब्द 'बोटा'हून महत्त्वाचा आहे. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात धातूची एक चपटी पट्टी वर्णिली, तिला दोऱ्यांनी दात बांधावयाचे आणि कमानीच्या आकारात आणावयाचे. आजच्या साऱ्या तारांची ती पणजी. परंतु हाड प्रत्यक्ष काय करते हे १९०४ च्या सुमारास कार्ल सँडस्टेड या स्वीडिश संशोधकाने कुत्र्यांच्या जबड्यांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा प्रथम दिसले, आणि तोपर्यंत अमेरिकेत हा व्यवसाय एका मनुष्याच्या हुकमतीखाली जाऊन चुकला होता.

तो मनुष्य एडवर्ड हार्टली अँगल. १८५५ मध्ये जन्मलेल्या या दंतवैद्याने १८९९ साली दातांच्या विकृतींची जी तीन वर्गांत विभागणी केली ती आजही जगभर चालते. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी वरची पहिली कायमची दाढ हा त्याने खुंट धरला. खालची दाढ तिच्याशी योग्य जागी मिळाली आणि पुढचे दात मात्र वेडेवाकडे असले तर पहिला वर्ग, खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, पुढे गेली तर तिसरा. पाटलाने गावाची हद्द ठरविण्यासाठी एक जुना दगड पक्का मानावा आणि बाकीचे सारे बांध त्यावरून मोजावेत, असा हा प्रकार होता; आणि दगड स्वतःच हललेला असेल तर काय, ही शंका घेणारे त्याला शत्रूच वाटत. १९०० साली सेंट लुइस येथे त्याने केवळ या विषयासाठी शाळा काढली. त्याने एकामागून एक साधने निर्माण केली, त्यांचे पेटंट घेतले, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९२८ मध्ये, चौकोनी तार व दातावर बसवावयाची चौकोनी खाचेची चकती यांची जी जोडी त्याने प्रसिद्ध केली, तिच्यातील खाचेचे माप, म्हणजे इंचाचा बावीस हजारांश, आज नव्वद वर्षे उलटून गेल्यावरही कारखाने पाळीत आहेत. अशा मनुष्याविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे. मलाही वाटतो, परंतु तो काही हात राखून.

कारण अँगलची एक श्रद्धा होती, आणि तिच्यापायी दोन पिढ्यांचा वाद माजला. निसर्गाने माणसाला बत्तीस दात दिले, ते सर्व जागेवर बसविलेच पाहिजेत, आणि ते नीट बसवून कामास लावले की त्यांच्याभोवती पुरेसे हाड आपोआप वाढेल, असे तो मानी. दात उपटून जागा करणे त्याच्या मते जवळजवळ पाप होते. सुंदर चेहऱ्याचा नमुना म्हणून त्याने अपोलो बेल्व्हेदेअर या प्राचीन पुतळ्याचा दाखला दिला होता; पुढे त्याच्याच शाळेत कला शिकविणाऱ्या एडमंड वुर्पेल याने त्याला समजाविले की माणसांच्या इतक्या जातींना एकच चेहरा शोभेल असे नाही, तेव्हा पुतळा सुटला, पण बत्तीस दात सुटले नाहीत. शिकागोचा कॅल्व्हिन केस हा दात काढण्याच्या बाजूने १९११ मध्ये भर सभेत उभा राहिला, आणि अँगलच्या पक्षातर्फे मार्टिन ड्यूई याने त्याचा कडाडून प्रतिवाद केला. सभा अँगलच्या पक्षाने जिंकली. जबडे कोणी जिंकले याचा निकाल लागावयास आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली, आणि तो निकाल अँगलच्याच एका पट्टशिष्याने दिला.

अॅरिझोनातील टूसॉन गावी व्यवसाय करणारा चार्ल्स ट्वीड हा गुरूच्या वचनावर निस्सीम निष्ठा ठेवून एकही दात न काढता उपचार करीत असे. काही वर्षांनी आपलेच रोगी पुन्हा पाहताना त्याला दिसले की पुष्कळांचे दात परत गर्दी करू लागले आहेत आणि पुष्कळांचे ओठ बाहेर ढकलले गेले आहेत. आपल्या अपयशाचा असा पंचनामा स्वतः करणारे लोक सर्वच व्यवसायांत थोडे. ट्वीडने अशा रोग्यांना परत बोलाविले, पुढच्या चार उपदाढा काढल्या, आणि नव्याने उपचार केले. पहिल्या व दुसऱ्या उपचारांचे शंभर रोग्यांच्या दातांचे साचे त्याने १९४० मध्ये व्यवसायबंधूंपुढे मांडले. गुरू त्यापूर्वीच दहा वर्षे निवर्तला होता. गुरुबंधूंनी मात्र त्याला क्षमा केली नाही. तिकडे ऑस्ट्रेलियात रेमंड बेग हाही अँगलचाच शिष्य, आणि तोही दात काढण्याच्या निर्णयावर आला, परंतु अगदी निराळ्या वाटेने. त्याने तेथील आदिवासींच्या जुन्या कवट्या तपासल्या. कठीण, वाळूमिश्रित अन्न खाऊन त्यांचे दात केवळ वरून नव्हे, तर परस्परांना लागणाऱ्या बाजूंनीही झिजलेले होते, आणि त्या झिजेमुळे प्रत्येक कमानीत थोडी थोडी जागा मोकळी झाली होती. आपण मऊ अन्न खातो, आपले दात तितके झिजत नाहीत, म्हणून जी जागा अन्नाने करावयाची ती चिमट्याने करावी लागते, असा बेगचा युक्तिवाद. मी तो अक्षरशः मान्य करीत नाही. परंतु आपल्याकडे उत्तर भारतात रॉबर्ट कोरुचिनी या मानवशास्त्रज्ञाने खेड्यांतील व शहरांतील तरुणांचे दात ताडून पाहिले तेव्हा शहरी जबड्यांत अव्यवस्था अधिक आढळली, हे ध्यानात घेता, भाकरी आणि ऊस सोडून पाव आणि केक धरलेल्या आमच्या घरांनी थोडा विचार करण्याजोगा तो आहे खास.

साधनांच्या इतिहासावर मी फार वेळ घेणार नाही. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे ठोकून बसवावे लागे. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर याने दाताच्या लुकणावर आम्ल लावून त्यावर राळेचा पदार्थ घट्ट चिकटतो असे दाखविले, तेव्हा कड्यांची गरज सरली आणि चकती नुसती चिकटविता येऊ लागली. सोन्याची तार गेली, पोलादाची आली, आणि मग निकेल व टायटॅनियम यांचा तो विलक्षण मिश्रधातू आला, जो वाकविला तरी उबेत आपला मूळ आकार आठवतो. त्याचा शोध अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत लागला, आणि 'निटिनॉल' या त्याच्या नावात त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरे आजही दडलेली आहेत. युद्धासाठी उघडलेल्या दारातून इतकी अहिंसक वस्तू बाहेर पडल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रियासन याने ती तार १९७० नंतरच्या दशकात दातांवर आणली. अलीकडे १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या एका कंपनीने पारदर्शक प्लॅस्टिकच्या साच्यांची रीत रूढ केली. तुमच्या तोंडाचे संगणकावर चित्र घ्यावयाचे, शेवट ठरवावयाचा, आणि प्रारंभ व शेवट यांमधील वाट पाव-पाव मिलिमीटरच्या पावलांत वाटून प्रत्येक पावलाचा एक साचा करावयाचा. साचा दिवसातून वीस-बावीस तास तोंडात राहिला तरच काम होते. आणि जेवताना काढून रुमालात गुंडाळलेला साचा खानावळीच्या टेबलावरच विसरणारे इतके रोगी मी पाहिले आहेत की चिकटविलेल्या चकतीविषयी माझे प्रेम उतारवयात वाढत चालले आहे.

आपल्याकडे या विद्येने पाय रोवावयास वेळ लागला. मुंबईस नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले, दंतवैद्यांचा कायदा १९४८ मध्ये आला, आणि या शाखेची अखिल भारतीय संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. आज तालुक्याच्या गावीही तारा लावणारा वैद्य आढळतो. पण दीड-दोन वर्षांचा खर्च, दर महिन्याची बसची फेरी आणि त्या दिवसाचा बुडालेला रोज हे सारे धरले, तर शेतमजुराच्या मुलीला तो अजून परवडत नाही. त्यात आमच्या समाजाची एक खोड अशी की मुलाचे दात पुढे असले तर 'पुरुषाला काय त्याचे' म्हणावयाचे, आणि मुलीचे असले तर तिला अठराव्या वर्षी, स्थळे येऊ लागल्यावर, घाईघाईने माझ्याकडे आणावयाचे. ज्या वयात जबडा वाढत असतो, ज्या वयात मागे राहिलेल्या खालच्या जबड्याला साधनांनी काही साहाय्य करता येते, ते अकरा-बारा वर्षांचे वय तोवर निघून गेलेले असते. हाड सरकावयास मग्रूर होते असे नव्हे, पण वाढीचा जो फुकट मिळणारा हिस्सा तो हातचा जातो.

आता या व्यवसायातील ती गोष्ट सांगतो, जी रोग्याला पहिल्याच दिवशी सांगावयास हवी आणि जी ऐकावयास त्याला मुळीच आवडत नाही. जमिनीच्या कायद्यात वहिवाट म्हणून एक चीज आहे. कागद कोणाच्याही नावाने असो, वर्षानुवर्षे ज्याचा नांगर त्या वावरात चालला त्याचा काही हक्क उत्पन्न होतो, आणि मोजणी करून बांध सरकविला तरी पहिल्या पावसानंतर जुना नांगर जुन्या सरीत उतरू पाहतो. दातांचे तसेच आहे. तारा काढल्या त्या दिवशी कमान आरशासारखी असते. परंतु हिरड्यांतील लवचिक तंतू सात-आठ महिन्यांनीही जुन्या जागेकडे ताणलेले आढळतात, जीभ आणि ओठ आपली जुनी रीत सोडीत नाहीत, आणि शिवाय वय वाढते तसतसे खालचे पटाशीचे दात, कधीही तारा न लावलेल्या माणसाचेसुद्धा, पुढे दाटत जातात. सिॲटल येथील रॉबर्ट लिटल व त्याच्या सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेले ६५ रोगी दहाएक वर्षांनी पुन्हा तपासले, आणि १९८१ मध्ये जाहीर केले की तिसऱ्या हिश्शाहूनही कमी लोकांचे खालचे दात समाधानकारक राहिले आहेत. म्हणून तारा काढल्यावर टाळूला लावावयाची प्लॅस्टिकची व तारेची धारणपट्टी, किंवा खालच्या दातांच्या मागे चिकटविलेली बारीक तार, ही उपचाराची शेपूट नसून उपचाराचा अर्धा भाग आहे. किती दिवस लावावी, असे विचारतात. जितके दिवस दात सरळ राहावेत असे वाटते तितके दिवस, असे मी सांगतो, आणि माझे उत्तर ऐकून पुष्कळजण दुसऱ्या वैद्याकडे जातात.

गुरुजी सेवानिवृत्त झाले त्या वर्षी, एके दुपारी, दवाखान्यात कोणी नसताना, ते माझ्याकडे आले. खुर्चीत बसून, बराच वेळ छत्रीची मूठ चाळवीत राहून, त्यांनी विचारले की साठीच्या माणसाचे दात मागे जातात काय. मी म्हटले, जातात. हाड निरोगी असेल तर ते वय पाहत नाही, फक्त काम थोडे संथ चालते. मग मी त्यांचे साचे घेतले. अँगलचा दुसरा वर्ग, पहिला पोटविभाग. वरचे दात खालच्यांच्या पुढे अकरा मिलिमीटर. त्यांनी मुदत विचारली, मी दोन वर्षे सांगितली. त्यानंतर किती दिवस पट्टी, असे विचारले, मी खरे तेच सांगितले. ते काही बोलले नाहीत. उठताना माझ्या टेबलावरील प्लास्टरचा वरचा साचा त्यांनी हातात घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरून आडवा फिरविला, बोटाने त्याची कड चाचपून पाहिली, आणि 'हा मुरुडपासून हर्णेपर्यंतचा भाग बरा उतरला आहे रे' असे म्हणून तो जागेवर ठेवला. ते पुन्हा त्या कामासाठी आले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही. साचे मात्र माझ्या कपाटात आहेत. वरचा आणि खालचा एकमेकांवर नीट बसतात, त्यांच्यामधली ती अकरा मिलिमीटरची जागा तेवढी उघडी राहते.